इंजिनिअरिंगला जायचं की नाही? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी नाशिकच्या मुलांनी करून बघायच्या गोष्टी

सीट मिळाली म्हणजे इंजिनिअरिंग जमणार, असं धरून चालणारी घरं मला दरवर्षी भेटतात. पात्रतेचा नियम एकदा वाचून बघा. बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा एक विषय मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, आरक्षित गटाला ४० टक्के, आणि सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, शून्यापेक्षा जास्त गुण. एवढ्यावर कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा निघू शकते. पण पुढची चार वर्षं रोज जे करायचं आहे ते मुलाला पेलेल का, आवडेल का, हे या प्रक्रियेत कुणीच तपासत नाही. ते घरीच तपासावं लागतं. त्याला पैसे लागत नाहीत, दोन-तीन आठवडे मात्र द्यावे लागतात.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स शिकवते. वर्गात हुशार मुलं भरपूर असतात. तरी दिवाळी येईपर्यंत काहींचे चेहरे उतरलेले दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण इथे का आलो हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या असलेल्या कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने यादी, भरण्याआधी करायचा हा क्रम लिहिते आहे. बारावीची परीक्षा आणि सीईटी संपली की निकाल लागेपर्यंतचा काळ यासाठी सगळ्यात चांगला. अकरावीतच केलंत तर उत्तमच.

आधी कारण कागदावर उतरवा

वहीचं एक पान घ्या आणि इंजिनिअरिंग का करायचं हे दहा ओळींत लिहा. अट एकच. ‘स्कोप’, ‘पॅकेज’, ‘सगळे मित्र’ आणि ‘दादा पण इंजिनिअर आहे’ हे शब्द वापरायचे नाहीत. पगाराचा विचार करू नये असं मी म्हणत नाही. घर चालवायला पैसा लागतो आणि त्याचा हिशोब पुढे येणारच आहे. पण हे शब्द काढल्यावर कागदावर काही उरतं का, ते बघायचं आहे. ‘बाबांच्या पंपाची मोटर मी स्वतः उघडून दुरुस्त केली’ किंवा ‘गणिताचं उत्तर जुळलं की बरं वाटतं’ असं एखादं वाक्य आलं तरी ते धरून ठेवा. पान कोरंच राहिलं तर घाबरू नका, पुढच्या दोन पायऱ्या करून परत लिहायला बसा.

पहिल्या वर्षाचा एक धडा आधीच शिकून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. नाशिकची बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला मिळतो. स्वायत्त झालेल्या कॉलेजांचा त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तो उतरवून घ्या. एम-वन म्हणजे पहिलं गणित उघडा. त्यात पार्शल डिफरन्शिएशन, मॅट्रिक्स असली प्रकरणं दिसतील. एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन येतात आणि ती वापरून गरम वस्तू किती वेळात थंड होईल, सर्किटमधला करंट कसा वाढेल, असली गणितं सोडवायची असतात.

पार्शल डिफरन्शिएशन निवडा. बारावीत डेरिव्हेटिव्ह झालेलं असतं, त्यामुळे सुरुवात जमते. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. मराठी किंवा हिंदीतून शिकवणारेही यूट्यूबवर सापडतील. रोज एक तास, दोन आठवडे. आधी बघा, मग व्हिडिओ बंद करून स्वतः गणितं सोडवा.

यातून किती गणितं आली याला फार महत्त्व देऊ नका. अडल्यावर आपण काय करतो याकडे लक्ष ठेवा. एखादं गणित वीस मिनिटं सुटलं नाही तर मन कुठे जातं? उत्तर बघून ‘कळलं’ म्हणून पुढे जाता, की चूक कुठल्या ओळीत झाली ते शोधत बसता? रात्री अंथरुणावर पडल्यावर ते गणित आठवतं का? इंजिनिअरिंगचा सगळा अभ्यास असा अडण्याने भरलेला असतो. अडलेल्या गोष्टीपाशी थांबायची ज्याची तयारी आहे, त्याला सीईटीत कमी गुण पडले तरी तो तरून जातो. ज्याला तिथे थांबणं असह्य होतं त्याची मात्र चार वर्षं फार लांबतात, मग परसेंटाइल कितीही असो.

बारावीला आपण गाईडमधली पद्धत पाठ करून निभावलं असेल तर तेही इथेच कळेल. त्यात अपराध वाटण्यासारखं काही नाही, क्लासवाल्यांनी तसंच शिकवलेलं असतं. फक्त आता खरं काय ते माहीत झालं, एवढंच.

एक तोटी उघडा

हा प्रयोग मी माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला देते. घरात किंवा भंगारात एखादी जुनी पितळी तोटी मिळेल, फिरवून उघडायची असते ती. पाना घ्या आणि वरचं नट सोडवा. स्पिंडल बाहेर येईल. त्याच्या खालच्या टोकाला रबरी वायसर असेल, मध्ये आटे असतील, आणि वर नटाच्या आत दोऱ्यासारखं पॅकिंग कोंबलेलं दिसेल.

आता स्वतःला प्रश्न विचारा. मूठ गोल फिरते, मग वायसर वरखाली कसा होतो? एका फेऱ्यात स्पिंडल किती वर येतो? पट्टी लावून मोजा. दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागलं तर एका आट्याचं अंतर जास्त अचूक मिळतं, ते का? मूठ मोठी आणि स्पिंडल बारीक का ठेवला असेल? पाणी वायसरच्या खाली अडतं हे समजलं, पण तोटी उघडी असताना ते स्पिंडलच्या कडेने वर का गळत नाही? ते पॅकिंग तिथे कशाला आहे, हे मुलाने आपणहून विचारलं तर मला फार आनंद होतो.

मग कोऱ्या कागदावर त्या तोटीची तीन चित्रं काढा: समोरून, वरून आणि बाजूने. वर्गात आम्ही फर्स्ट अँगल पद्धत शिकवतो, म्हणजे वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली येतं. मापं लिहा. मग ते कागद तोटी न पाहिलेल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि वस्तू कशी दिसत असेल ते सांगायला लावा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. वस्तू डोक्यात फिरवता येते का, एवढंच बघायचं.

कॉम्प्युटरकडे ओढा असेल तर प्रयोग वेगळा. पायथन फुकट मिळतं आणि मोबाइलवरही चालवता येतं. कांद्याच्या लिलावाची हिशोबपट्टी करणारा प्रोग्रॅम लिहा: वजन क्विंटलमध्ये, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, शेतकऱ्याच्या हातात किती. हे तासाभरात होईल. पुढचं काम खरं. वजनाच्या जागी कुणी अक्षर टाकलं तर? भाव शून्य टाकला तर? एकाच शेतकऱ्याची तीन ट्रॅक्टरं वेगवेगळ्या भावाने गेली तर? कधी प्रोग्रॅम कोलमडेल, कधी भलतंच उत्तर देईल, आणि चूक शोधावी लागेल. एका स्वल्पविरामासाठी संध्याकाळ गेली आणि तरीही दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटलं, तर कॉम्प्युटर तुमच्यासाठी आहे. दिवसभर मोबाइलवर गेम खेळणं म्हणजे कॉम्प्युटरची आवड नव्हे. पालकांनी तर हे मनाशी पक्कं करून ठेवावं.

माणसांना भेटा, पण विचारायचं काय ते ठरवून जा

नाशिकमध्ये इंजिनिअर शोधायला लांब जावं लागत नाही. सातपूर, अंबड, सिन्नर-माळेगाव या एमआयडीसींत तुमच्या गल्लीतलं कुणीतरी असतंच. ओझरला विमानं बनवणारी एचएएल आहे. दिंडोरी रोडला जलसंपदा खात्याची मेरी संस्था आहे, तिथे धरणं आणि बांधकामावर संशोधन चालतं. निदान तिघांना भेटा: शॉपफ्लोअरवर काम करणारा एक, आयटीत असलेला एक, आणि तिसऱ्या वर्षात शिकणारा एक. यातला तिसरा सगळ्यात उपयोगी, कारण त्याला पहिलं वर्ष अजून आठवत असतं.

‘इंजिनिअरिंग कसं आहे?’ असं विचारलं तर ‘चांगलं आहे’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही नेमकं काय केलं? कॉलेजात शिकलेलं कामावर कुठे लागतं? रात्रपाळी असते का? कुठल्या विषयाने सगळ्यात जास्त त्रास दिला आणि त्यातून बाहेर कसे आलात? तुमच्या वर्गातले किती जण आज याच क्षेत्रात आहेत? विद्यार्थ्याला मात्र वायडीबद्दल जरूर विचारा. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त विषय राहिले की वर्ष जातं, त्याला पोरं वायडी म्हणतात. कुणाचं वर्ष का गेलं, हे त्याच्याकडून ऐकलेलं कॉलेजच्या माहितीपुस्तकात सापडणार नाही.

परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा. एखाद्याला ८५ परसेंटाइल आले म्हणजे त्याला ८५ टक्के गुण पडले असं नाही. परीक्षार्थींपैकी साधारण ८५ टक्के मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गुणपत्रिकेत विषयवार परसेंटाइल वेगळे छापलेले असतात, ते बघा. केमिस्ट्रीने एकूण आकडा वर ओढला असेल आणि गणित खाली असेल, तर एम-वनचा प्रयोग केल्याशिवाय ‘सीट मिळतेय तर घेऊन टाकू’ म्हणू नका.

ब्रँच: आधी काम, मग नाव

इथे घरोघरी एकच गणित चालतं. कॉम्प्युटर मिळालं तर घ्यायचं, नाहीतर आयटी, नाहीतर एआय, आणि उरलं तर मेकॅनिकल-सिव्हिल. हा क्रम मला पटत नाही, आणि नाशिकच्या मुलाला तर मुळीच लागू पडत नाही.

आपल्या शहरात बॉश आहे, महिंद्रा आहे. इंजेक्टरसारखे भाग बनवताना मायक्रॉनमध्ये माप सांभाळावं लागतं. ओझरला सुखोई लढाऊ विमानं जुळवली गेली आणि आता तेजस विमानाचंही काम तिथे चालतं. स्विचगिअर आणि इलेक्ट्रिकल उपकरणांचे कारखाने नाशिकमध्ये इतके आहेत की इलेक्ट्रिकलच्या मुलाला इंटर्नशिपसाठी दारोदार फिरावं लागू नये. सिव्हिलवाल्याला समृद्धी महामार्ग, धरणं, कालवे आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामं डोळ्यांसमोर आहेत. द्राक्ष, कांदा, टोमॅटोवरच्या प्रक्रियेत शीतगृहापासून पॅकिंग लाइनपर्यंत यंत्रंच यंत्रं असतात. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या मात्र बहुतेक पुणे, मुंबई, बंगळुरूकडे. मुलाला नाशिकजवळ राहायचं असेल, घरची शेती किंवा वर्कशॉप असेल, तर हा फरक ब्रँच निवडताना समोर ठेवायलाच हवा.

तोटी उघडताना हरखून गेलेल्या मुलाला शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरला ढकलू नका. आणि ज्याला प्रोग्रॅममधली चूक शोधायला मजा आली, त्याला ‘कोअर ब्रँच कायम टिकते’ म्हणून मेकॅनिकलही देऊ नका.

कॉलेज बघताना

कॉलेज बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, प्रॅक्टिकल चालू असताना जा. वर्कशॉपमधल्या लेथवर कुणी काम करतंय की त्यावर धूळ आहे, हे दारातूनच दिसतं. एनबीए, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था, तिचं मानांकन ब्रँचला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नव्हे, त्यामुळे तुमच्या ब्रँचला आहे का आणि मुदत कधी संपते ते विचारा. प्लेसमेंटच्या फलकावरचा सगळ्यात मोठा आकडा सोडून द्या. ‘मागच्या वर्षी या ब्रँचच्या किती मुलांपैकी कितींना नोकरी लागली आणि पगार क्रमाने लावले तर मधल्या मुलाचा पगार किती?’ एवढंच विचारा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तिन्ही जिल्हे एकाच विद्यापीठात येतात. कॅप म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतल्या बऱ्याच जागांना ७० टक्के होम युनिव्हर्सिटी आणि ३० टक्के बाहेरची अशी विभागणी असते. नाशिकहून बारावी केलेला मुलगा पुण्यातल्या संलग्न कॉलेजांसाठीही होम धरला जातो. कटऑफच्या यादीत एच, ओ आणि एस अशी अक्षरं असतात. एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळी. आपली ओळ कुठली ते न बघता कटऑफ वाचला तर अंदाज पार चुकतो.

पैशाचा हिशोब मुलासमोर करा

चार वर्षांचा आकडा एकदम मांडा: ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, परीक्षा, बस किंवा होस्टेल, लॅपटॉप. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. ती आणि कॉलेजने सांगितलेली फी जुळते का ते बघा.

सवलती नीट समजून घ्या. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस योजनेत ट्यूशन फी माफ होते. या जागा ५ टक्के असतात आणि गुणवत्तेवर भरतात, म्हणून ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा टाकावा लागतो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत, म्हणजे घरोघरी जिला ईबीसी म्हणतात तिच्यात, ट्यूशन फीची ५० टक्के रक्कम मिळते. आणि २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस गटातल्या, ८ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. फी परवडत नाही म्हणून मुलीचं नाव मागे घेणाऱ्या घरांनी हे आधी वाचावं. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. जूनमध्ये सेतूसमोर रांग लावण्यापेक्षा बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत ही कामं उरका.

कर्ज काढणार असाल तर शिक्षण चालू असतानाही व्याज चढत राहतं, हे धरून हप्ता काढा. तो हप्ता पहिल्या नोकरीच्या साध्या पगारातून निघेल का? हे मुलालाच काढायला सांगा. हा कागद लपवून ठेवला की पुढे चौथ्या सेमिस्टरला तो भांडण होऊन बाहेर येतो.

दुसरे रस्ते खरोखर तपासा

गणित आवडतं पण यंत्रात जीव रमत नाही, त्याने बीएस्सी मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स किंवा फिजिक्सचा विचार करावा. कॉलेज रोडचं आरवायके आणि गंगापूर रोडचं केटीएचएम आपल्याच गावात आहे. प्रोग्रॅमिंग आवडतं, पण मेकॅनिक्स-ड्रॉइंग नको, तर बीसीए आहे. २०२४ पासून त्यालाही सीईटी द्यावी लागते, म्हणून फॉर्मची तारीख चुकवू नका. चित्र आणि जागा यांत रस असेल तर आर्किटेक्चर, त्यासाठी नाटा ही वेगळी प्रवेश परीक्षा.

दहावीत असलेल्या, हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला मी आधी पॉलिटेक्निक दाखवते. सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात पदवीला जाता येतं. कारखान्यात अशी मुलं पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. सातपूरचं आयटीआय आणि त्यानंतरची अप्रेंटिसशिप हाही मानाचा रस्ता आहे. नातेवाईक काय म्हणतील म्हणून तो यादीतून खोडू नका.

घरातली बैठक

एक संध्याकाळ ठरवा. टीव्ही बंद, फोन बाजूला. आधी मुलाने बोलायचं: दोन आठवड्यांत काय केलं, कुठे अडलं, काय आवडलं. आईवडिलांनी मध्ये बोलायचं नाही. मग पैशाचा कागद. मग दोन्ही बाजूंनी आपापली भीती सांगायची. ‘तुला नोकरी लागली नाही तर?’ ही वडिलांची भीती खरी असते, आणि ‘मी नापास झालो तर तुम्ही काय म्हणाल?’ ही मुलाचीही. माझ्यासमोर रडलेली मुलं बहुतेक या दुसऱ्या प्रश्नासाठीच रडली आहेत. अभ्यासाचं ते नंतर सांगतात. त्या रात्री निर्णय झाला नाही तरी चालेल. दोन दिवस जाऊ द्या.

फॉर्म भरताना आणि भरल्यावर

ऑप्शन फॉर्म मुलाने स्वतः भरायचा, सायबर कॅफेवाल्याने नाही. यादी आवडीच्या क्रमाने लावा. ‘हे मिळणारच नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका, वर टाकल्याने खालची जागा बुडत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांत बदलायची संधी राहत नाही. म्हणून मिळालं तर खरंच घेणार असाल, तेच पहिलं लिहा. फ्रीझ (मिळालेली जागा पक्की करणं) आणि बेटरमेंट (पुढच्या फेरीत आणखी चांगली मागणं) यांचे नियम दरवर्षी प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी सेलच्या पुस्तिकेत वाचा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या भरवशावर राहू नका.

प्रवेश घेतल्यावर मन पालटलं तर प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख सेलच्या वेळापत्रकात असते. तिच्याआधी रद्द केलं तर थोडी रक्कम कापून फी परत मिळते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क कॉलेजला नाही. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन आणि कॉलेजात, दोन्हीकडे करा आणि पोच घ्या. तारीख निघून गेल्यावर पहिलं सेमिस्टर पार पडलं आणि गाडी रुळावर येईना, तर निकालाची वाट न बघता वर्गशिक्षकांना भेटा. आम्ही त्यासाठीच बसलेलो असतो. एम-वनचा पेपर राहिला म्हणून कुणी इंजिनिअरिंग सोडू नये. पण तीन महिने वर्गात बसावंसंच वाटलं नसेल, तर बीएस्सी किंवा बीसीएच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं वेळापत्रक जानेवारीपासूनच बघायला लागा.